डोळ्यातून निघणारा किरण आणि जुनं ग्राफिक्स कार्ड



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्याने पाचोऱ्यात उभं राहून कॉम्प्युटर गेममधल्या प्रकाशावर बोलावं, हे पत्रिका वाचून काहींना गमतीचं वाटलं असणार. पहिल्या रांगेत माझ्या वयाची मंडळी बसली आहेत, मागे कॉलेजची मुलं उभी आहेत. दोघांनाही एकाच वेळी कंटाळा येऊ नये, एवढी माझी धडपड राहील.

विषय मुलांनीच दिला. आपल्या भागात ज्यांच्या घरी गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर आहे, त्यांतल्या पुष्कळांकडे कार्ड जुनं आहे. पुण्या-मुंबईच्या चुलतभावाने वापरून दिलेलं, नाहीतर सेकंडहँड घेतलेलं. जीटीएक्स १०६०, १०५० टीआय, आरएक्स ५८०, अशी नावं. आणि या मुलांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं: "सर, याच्यावर रे ट्रेसिंग चालत नाही." मला त्या वाक्यातलं क्रियापद खटकलं. चालत नाही म्हणजे काय? होणं अशक्य आहे? की होतं, पण कामाचं नाही इतकं हळू होतं? की होऊ दिलं जात नाही? अशक्य, अव्यवहार्य आणि निषिद्ध या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच घोकून घ्यायचो. या एका वाक्यात तिन्ही कालवलेल्या आहेत. इतिहास पाहिला की त्या सुट्या करता येतात. आज तेवढंच करायचं आहे.

आधी रे ट्रेसिंग म्हणजे काय, ते ज्येष्ठांसाठी. आपल्यापैकी बहुतेकांनी अजिंठा पाहिलाय, इथून जवळच आहे. पहिल्या लेण्यात आत शिरा. सूर्याचं ऊन आतल्या भिंतीपर्यंत थेट पोहोचत नाही. तरी डोळा सरावला की काहीतरी दिसायला लागतं. का? बाहेरच्या अंगणावर पडलेलं ऊन उसळून छताला लागतं, छतावरून भिंतीला, भिंतीवरून खांबाला, आणि तिथून आपल्या डोळ्यात येतं. येताना प्रत्येक ठिकाणचा थोडा रंग घेऊन येतं. लेण्यातला तो मऊ उजेड म्हणजे असा उसन्या प्रकाशाचा उजेड. कॉम्प्युटरने चित्र काढायचं तर हा सगळा प्रवास मोजावा लागेल. तो मोजणं म्हणजे रे ट्रेसिंग, किरणांचा माग काढणं.

खेळांमध्ये पंचवीस-तीस वर्षं हे करत नव्हते. तिथली पद्धत वेगळी. सगळं जग त्रिकोणांचं बनवायचं, एकेक त्रिकोण पडद्यावर कुठे पडेल ते काढायचं आणि तेवढे ठिपके रंगवायचे. याला रास्टरायझेशन म्हणतात. फार जलद काम. पण त्रिकोणाला शेजारच्या त्रिकोणाची खबर नसते. म्हणून सावली, आरसा, पाण्यातलं प्रतिबिंब या सगळ्यासाठी वेगवेगळ्या युक्त्या जोडाव्या लागतात. मुलांनी पाहिलं असेल, तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब दिसतंय, तुम्ही मान खाली घातली, डोंगर पडद्याबाहेर गेला, की प्रतिबिंबही पुसलं जातं. कारण ते प्रतिबिंब पडद्यावर आधीच काढलेल्या ठिपक्यांतून उचललेलं असतं. पडद्यावर नाही ते त्या पद्धतीसाठी जगातच नाही. बर्कलेच्या अभ्यासकांनी यावर जरूर विचार करावा.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो, इथे जरा थांबू द्या.

किरणांचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करायची? दिव्यापासून, असं कोणीही म्हणेल. पण दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी अगदी थोडे तुमच्या डोळ्यात येतात. बाकीच्यांचा हिशोब वाया. म्हणून कॉम्प्युटर उलट करतो. डोळ्यातून किरण सोडतो. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण जगात पाठवायचा, तो कशाला आदळतो ते बघायचं, आणि तिथून दिवा दिसतो का ते विचारायचं. प्रकाशाची वाट उलट्या दिशेनेही तीच असते, म्हणून हे चालतं.

आणि डोळ्यातून किरण निघतो हे म्हणणारे आपल्याकडे होते. न्यायदर्शन. नैयायिकांच्या मते इंद्रियाचा वस्तूशी संनिकर्ष झाल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञान नाही. मग डोळा दूरच्या डोंगराला कसा भिडतो? तर चक्षू हे तैजस इंद्रिय, त्याचा रश्मी बाहेर जातो आणि वस्तूला गाठतो. चक्षू प्राप्यकारी आहे, अशी ती भाषा. बौद्ध आणि जैन म्हणाले, अजिबात नाही, डोळा वस्तूला न गाठताच पाहतो, तो अप्राप्यकारी. भांडण काही शतकं चाललं. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आक्षेप येतो: काचेच्या, अभ्रकाच्या, स्फटिकाच्या पलीकडचं कसं दिसतं मग? किरण अडायला हवा! उत्तर असं की हे पदार्थ किरणाला अडवत नाहीत. पुढे आरशाचा विषय निघतो, आणि वात्स्यायनाच्या भाष्यात, साधारण पाचव्या शतकातल्या, आरशावरून परतलेला नेत्ररश्मी आपल्याच मुखाला गाठतो अशी मांडणी आहे. काचेतून आरपार जाणारा किरण आणि आरशावरून परतणारा किरण. ही दोन उदाहरणं लक्षात ठेवा, थोड्या वेळाने अमेरिकेत भेटतील.

लगेच टाळ्या वाजवू नका. "हे सगळं आमच्याकडे आधीच होतं" या पठडीतलं भाषण मी करत नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने नैयायिक चुकले. ग्रीकांमध्ये युक्लिडही डोळ्यातूनच किरण काढत होता, तोही चुकला. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो हे नीट बसवून दाखवलं बसऱ्याच्या इब्न अल-हैथमने, कैरोत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला. मला इथे मौज वाटते ती वेगळी: निसर्गाचं वर्णन म्हणून जो सिद्धान्त खोटा ठरला, तो हिशोबाची पद्धत म्हणून उत्तम निघाला.

याच वादातलं अजून एक रत्न सांगतो. आक्षेपक विचारतो: किरण जाऊन गाठतो म्हणता, तर झाडाची फांदी जवळ, चंद्र लांब. दोन्ही एकाच क्षणी कसे दिसतात? नैयायिक उत्तर देतो, एकाच क्षणी दिसत नाहीत, आधी फांदी मग चंद्रच. पण मधला वेळ इतका थोडा की कळत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली, तर सगळ्या एकदमच भेदल्या असं वाटतं. प्रत्यक्षात एकामागून एक. गेमवाले ज्याला 'रिअल टाइम' म्हणतात, त्याची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही. सेकंदाला साठ चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला सतरा मिलिसेकंदांहूनही कमी. तेवढ्यात शंभर पाकळ्यांतून सुई गेली पाहिजे. जुन्या कार्डाची सगळी अडचण या सुईच्या वेगाची आहे.

आता अमेरिकेत चला. १९६८ साली आयबीएममध्ये आर्थर अपेल याने बिंदू-बिंदूने किरण टाकून घन वस्तूंना सावल्या दिल्या. त्याहून महत्त्वाचं काम बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेडचं, १९७९ ते ८०. त्याने किरणाला पुन्हा पुन्हा पाठवलं: काचेला लागला तर आरपार वाकवून पुढे, चकचकीत गोळ्याला लागला तर परतवून दुसरीकडे. त्याचं चित्र गाजलं. लाल-पिवळ्या चौकड्यांच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे, एक काचेसारखा, एक आरशासारखा. आपली दोन्ही उदाहरणं झाली.

ते चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं होतं, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. त्या काळचं भारदस्त यंत्र व्हॅक्स ११/७८०. वेळ लागला ७४ मिनिटं. भागाकार करून बघा, सेकंदाला जेमतेम ६९ ठिपके. आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला: हा किरण कशाला आदळला?

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण पुढची चाळीस वर्षं याच प्रश्नाची आहेत. आजच्या खेळातल्या दृश्यात दहा लाख त्रिकोण सहज असतात. प्रत्येक किरणाने प्रत्येक त्रिकोणाला "तू लागतोस का मला" असं विचारायचं ठरवलं तर संपलंच. मग काय करायचं? पोस्टमन काय करतो? तो महाराष्ट्रातलं प्रत्येक दार ठोठावत नाही. जिल्हा जळगाव, तालुका पाचोरा, गाव अमुक, गल्ली तमुक. जिल्हा चुकला की त्यातली सगळी घरं एका फटक्यात बाद. तसंच त्रिकोण पेटीत घालतात, पेट्या मोठ्या पेटीत, त्या आणखी मोठ्या पेटीत. किरण मोठ्या पेटीला लागलाच नाही तर आतलं काही बघायचं नाही. दर वेळी निम्मं बाद होत गेलं तर दहा लाखांतून एकापर्यंत यायला साधारण वीस पायऱ्या पुरतात. इंग्रजीतलं त्याचं नाव लांबलचक आहे, मुलं त्याला 'बीव्हीएच' म्हणतात. आपण पेट्यांचा पत्ता म्हणू. ही कल्पना १९८० मध्येच मांडली गेली, त्यातही रूबिनबरोबर व्हिटेड होताच.

म्हणजे बघा, ज्ञान ४५ वर्षांपूर्वीच हाती होतं. कमी होती ती गती. आणि गती कमी असताना लोक गप्प बसले नाहीत. १९८६ साली एरिक ग्रॅहम याने अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर गोळे उडवणाऱ्या बाजीगराचं चलचित्र केलं, किरणांचा पूर्ण माग काढून. एकेका चित्राला तासाभराचा वेळ. अशी २४ चित्रं काढून ठेवली आणि मग भराभर फिरवली. रात्रभर दळलं, सकाळी भाकरी. १९९६ च्या 'क्वेक' या खेळात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर आलं. बनवणाऱ्यांनी आपल्या कारखान्यातच दिव्यांपासून भिंतींपर्यंतचा प्रकाश मोजला, त्याचे नकाशे करून भिंतींना चिकटवले आणि खेळ विकला. खेळणाऱ्याच्या घरी किरण सोडायची गरजच नाही. तेव्हा खेळात रे ट्रेसिंग २०१८ ला आलं असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं आहे. किरण आधीपासून होते, ते आधीच सोडून झालेले होते.

यात तोटा काय? आपल्या चाळीसगावचे केकी मूस आठवा. कित्येक दशकं घराबाहेर न पडता त्या माणसाने छायाचित्रणाची साधना केली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा सोडायचा की बघणाऱ्याला अख्खं निसर्गदृश्य वाटावं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणून त्यांचं नाव झालं. पण ती जादू कॅमेऱ्याच्या त्या एका जागेची. शेजारून डोकावलात तर टेबल दिसेल, दिवा सरकवलात तर डोंगराचा पुन्हा टेबलावरचा पसारा होईल. खेळात चिकटवलेल्या प्रकाशाचंही तसंच. दार उघडलं, भिंत पडली, दिवा फुटला, तरी जुना उजेड आपल्या जागी चिकटलेलाच. फरक एवढाच की मूस यांना एकच चित्र हवं होतं, आणि ते त्यांनी अप्रतिम मिळवलं.

आता आकडेमोड करू. आजचा साधा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ठिपक्याला एकच किरण आणि सेकंदाला साठ चित्रं धरली तर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास किरण. सावलीला एक, प्रतिबिंबाला एक, उसन्या उजेडाला एक असे वाढवा, पन्नास कोटींच्या घरात जाल. प्रत्येकाला पेट्यांचे वीस-वीस पत्ते शोधायचे.

हे काम करायला जुन्या कार्डाला जड का जातं? कार्डात हजारो छोटे गणक असतात, मग अडचण काय? अडचण शिस्तीची आहे. एनव्हिडियाच्या कार्डात हे गणक बत्तीस-बत्तीसच्या रांगेत कवायत करतात. एकच हुकूम, बत्तीस जण तीच कृती. त्रिकोण रंगवताना ही कवायत सुरेख चालते. पण बत्तीस किरण खडबडीत भिंतीवर आपटून बत्तीस दिशांना उधळले की एकाला चोपड्याचा पत्ता हवा असतो, दुसऱ्याला भडगावचा. एक चालतो तेव्हा एकतीस थांबतात. शिवाय प्रत्येकाची माहिती स्मरणात वेगळ्या जागी. कवायत मोडते. म्हणून २०१८ च्या कार्डांमध्ये एनव्हिडियाने वेगळा कारकून बसवला. पेट्यांचा पत्ता शोधणं आणि त्रिकोणाला किरण लागला का ते तपासणं, एवढंच त्याचं काम. आरटी कोअर तो हाच. तो नसेल तर तेच काम सामान्य गणकांनी करायचं, एका किरणाला हजारो सूचना खर्च करून. लक्षात घ्या, कारकून जे करतो ते बाकीच्यांनाही येतं. त्याला फार भराभर येतं.

इथे अशक्य हा शब्द गळून पडतो. अव्यवहार्य उरतो, आणि तो खरा आहे. त्याची थट्टा करू नये. कंपनीचा स्वतःचा दावा सांगायचा तर नवं २०८० टीआय कार्ड सेकंदाला दहा अब्ज किरण हाताळतं आणि आदल्या पिढीतलं सर्वांत दणकट १०८० टीआय त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके. विक्रेत्याचा आकडा आहे हे मनात धरून घ्या, तरी फरक मोठाच. आपली पाचोरा-जामनेर पीजे अडीच फुटी रुळांवरून जामनेरला पोहोचवायची, यात शंका नव्हती. घाई असलेल्याने तिच्यात बसावं का, हा निराळा प्रश्न.

हे गती विरुद्ध परवानगीचं कोडं महाराष्ट्राने आणखी मोठ्या पातळीवर पाहिलं आहे, म्हणून एक आडवळण घेतो. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा मोठा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता, आणि तो मिळाला नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, डॉ. विजय भटकर प्रमुख, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो कशाचा होता? ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपांचा. एकटी चिप क्रेच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. बाजारात मिळणाऱ्या अनेक लहान चिपा एकत्र जुंपल्या आणि काम वाटून दिलं. आता यातला माझ्या विषयाचा धागा असा की याच ट्रान्सप्युटरची ताकद दाखवायला त्या काळी जगभर जे प्रात्यक्षिक करत, ते बहुधा रे ट्रेसिंगचं असे. कारण उघड आहे: एका ठिपक्याच्या किरणाला दुसऱ्या ठिपक्याची वाट बघावी लागत नाही. काम हवं तितकं वाटता येतं. जे काम असं वाटता येतं, तिथे 'अमुक यंत्राशिवाय होणारच नाही' हे वाक्य नेहमी तपासून घ्यावं.

आता २०१८. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने डीएक्सआर जाहीर केलं, म्हणजे खेळाने कार्डाला 'किरण सोड' असं सांगण्याची ठरावीक भाषा. त्याच सुमारास त्यांनी एक प्रायोगिक थरही दिला, ज्यातून खास मदत नसलेल्या कार्डांवर हीच भाषा साध्या गणकांनी चालवता येई. पुढे तो थर बाजूला पडला, पण सुरुवातीलाच तत्त्व मान्य झालं होतं. ऑगस्टमध्ये आरटीएक्स कार्डं जाहीर झाली. सर्वांत वरच्या कार्डाची कंपनीची किंमत ११९९ डॉलर. जाहिरातींतून जगभर एकच समज गेला, आरटीएक्स नाही तर रे ट्रेसिंग नाही.

२०१९ च्या जानेवारीत काही हौशी मंडळींनी 'बॅटलफील्ड फाइव्ह' टायटन व्ही या कार्डावर किरणांसकट चालवून दाखवला. टायटन व्ही २०१७ चं, आरटी कोअर एकही नाही. अर्थात ते तीन हजार डॉलरचं कार्ड होतं, गरिबाची गोष्ट नव्हे. पण समजाला तडा गेला. मार्चमध्ये जर्मनीच्या क्रायटेकने 'निऑन न्वार' दाखवलं. रात्रीचं शहर, पाण्याची डबकी, वरून उडणारा ड्रोन, आणि डबक्यात खरी प्रतिबिंबं. चालत होतं एएमडीच्या व्हेगा ५६ वर, ज्यात किरणांसाठी काहीच खास नाही. नंतर त्यांनी सांगितलं की १०८० च्या पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं मिळतात. कसं जमवलं? जिथे पृष्ठभाग आरशासारखा आहे तिथेच त्रिकोणांपर्यंत जायचं; खडबडीत असेल तर जगाच्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या ढोबळ प्रतीला विचारायचं. खडबडीत भिंतीवरचं प्रतिबिंब तसंही पुसटच असतं, तिथे नेमकेपणा कोणाला हवाय?

आणि त्याच मार्चमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की जुन्या जीटीएक्स कार्डांनाही डीएक्सआर देऊ. ११ एप्रिल २०१९ ला ड्रायव्हर आला. ४२५.३१. एक पैशाचं नवं यंत्र न बसवता लाखो जुनी कार्डं एका दिवसात 'रे ट्रेसिंग चालणारी' झाली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही तारीख सोन्याची वाटते. दहा एप्रिलला जे होत नव्हतं ते अकराला होऊ लागलं, आणि मधल्या रात्री कार्डात काडीचाही बदल झाला नव्हता. म्हणजे दहा तारखेपर्यंत अडवत होती ती परवानगी.

पण दुसरी बाजूही ऐका. ड्रायव्हर आल्यावर लोकांनी 'मेट्रो एक्झोडस' लावला आणि चित्र अडखळायला लागलं. कंपनीने स्वतःच तक्ते काढून दाखवले, जुन्या कार्डात एका चित्राचा किती वेळ किरणांत जातो आणि नव्यात किती. माझं मत विचाराल तर तो ड्रायव्हर हे निम्मं दान आणि निम्मी जाहिरात होती: चाखून बघा, आणि मग नवं घ्या. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. चाखता आलं म्हणून कित्येकांना स्वतः मोजता आलं. यादीची रेघ मात्र बघण्यासारखी होती. ६ जीबीची १०६० आत, ३ जीबीची १०६० बाहेर, १०५० टीआय बाहेर. पेट्यांच्या पत्त्याला स्मरण लागतं हे खरं. पण १०५० टीआयवाल्याला हळू का होईना करून बघायचं असेल, तर तो निर्णय त्याचा असायला काय हरकत होती?

त्या वर्षीचं मला सर्वांत आवडलेलं काम ऑक्टोबरमधलं. 'वर्ल्ड ऑफ टँक्स' या रणगाड्यांच्या खेळाने किरणांच्या सावल्या दिल्या, कुठल्याही डायरेक्टएक्स ११ कार्डावर. आरटी कोअरची अट नाही. त्यांनी काय केलं? पेट्यांचा पत्ता मांडायचं काम इंटेलच्या एम्ब्री या साधनाने कार्डाऐवजी मुख्य प्रोसेसरवर नेलं. आणि किरण फक्त रणगाड्यांच्या सावल्यांसाठी सोडले. झाडं, घरं जुन्याच पद्धतीने. खेळणारा बघतो रणगाड्याकडे. साखळीच्या पट्ट्याची, नळीची, छोट्या हँडलची बारीक सावली रणगाड्यावरच पडलेली दिसली की त्याचं समाधान होतं. सगळीकडे सत्य सांगायची ऐपत नसेल तर कुठे सांगायचं ते निवडा.

निवडीच्या आणखी दोन युक्त्या थोडक्यात. एक, किरण कमी सोडा, चित्रात भुरभुर येईल, ती आधीच्या चित्रांशी सरासरी काढून पुसा. २०१७ नंतर या पुसण्याच्या पद्धती फार सुधारल्या, आणि मला तर वाटतं रिअल टाइम रे ट्रेसिंगचं निम्मं श्रेय या पुसणाऱ्यांचं आहे, पण आरटी कोअरसारखं त्यांचं नाव खोक्यावर छापलं जात नाही. दोन, त्रिकोण सोडूनच द्या. जगातल्या प्रत्येक जागी एक आकडा लिहून ठेवा, 'इथून सर्वांत जवळची वस्तू किती लांब'. मग किरण अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखा चालतो: दहा फुटांत काही नाही म्हणता? मग दहा फूट बिनधास्त पुढे. पुन्हा विचारा. अनरियल इंजिन ५ मधलं ल्युमेन, एप्रिल २०२२ चं, आरटी कोअर नसलेल्या कार्डांवर या मार्गाने उसना उजेड काढतं. मुलं जे खेळ खेळतात त्यांतल्या काहींत जुन्या कार्डावर हेच चालू असतं आणि त्यांना पत्ता नसतो. "माझ्यावर रे ट्रेसिंग चालत नाही" म्हणत ते रे ट्रेसिंगच बघत असतात!

आता अवघड भाग. डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आला. किमान गरज, आरटीएक्स २०६० सुपर. जुन्या कार्डावर हळू चालेल असं नाही. सुरूच होणार नाही. मे २०२५ मध्ये 'डूम: द डार्क एजेस' तसाच. बनवणाऱ्यांची बाजू मी समजू शकतो. प्रकाश आधीच मोजून चिकटवायचा म्हणजे प्रत्येक खोलीमागे माणसांचे दिवस जातात. एक दिवा सरकवला की पुन्हा मोजणी. सगळ्यांकडे किरण आहेत असं धरलं की ते अख्खं काम वाचतं. दोन वेगळे प्रकाश सांभाळायला सांगणं ही साधी मागणी नाही, आणि त्यांच्यावर दुष्टपणाचा आरोप करणं मला पटत नाही.

पण मग लिनक्सवर काय झालं ते पाहा. तिथे एएमडीच्या कार्डांसाठी आरएडीव्ही नावाचा खुला ड्रायव्हर आहे, त्याची मूळ संहिता कुणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. त्यात किरणांचं काम साध्या गणकांकडून करून घेण्याची सोय काहींनी लिहून ठेवली होती. ती चालू केली आणि हाच इंडियाना जोन्स व्हेगा ६४ वर सुरू झाला. व्हेगा ६४ ऑगस्ट २०१७ चं कार्ड. आरटीएक्स हे नावही तेव्हा जन्मलं नव्हतं. सेटिंग खाली आणावी लागतात, चित्र फार गुळगुळीत नाही. पण खेळता येतं. खेळाच्या खोक्यावरची अट कार्डाच्या क्षमतेबद्दल वाटत होती. ती ड्रायव्हरबद्दल होती, आणि ड्रायव्हर कोणाच्या हातात आहे याबद्दल. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर त्यांच्या मालकाच्या हातात आहे. १०६० च्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले. यापुढे फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. हेच १०६० वर्षानुवर्षं स्टीमच्या पाहणीत जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं कार्ड होतं.

मागच्या मुलांना आता एक काम देतो. 'क्वेक टू आरटीएक्स' नावाचा खेळ आहे, जून २०१९ चा. १९९७ चा जुना क्वेक टू घेऊन त्यातला सगळा प्रकाश किरणांनी मोजलेला आहे, चिकटवलेलं काही नाही. पहिले तीन टप्पे फुकट मिळतात आणि ६ जीबीच्या १०६० वर तो सुरू होतो. आधी पूर्ण पडद्यावर लावा. अडखळेल, अडखळू द्या. सेकंदाला किती चित्रं येतात ते लिहा. मग रिझोल्युशन उतरवत ६४० बाय ४८० वर आणा, व्हिटेडच्या चित्राएवढं. पुन्हा लिहा. पाण्यात बघा, काचेच्या पलीकडे बघा, खोलीतला दिवा फोडून भिंतीवरचा उजेड बदलतो का ते बघा. ज्यांच्याकडे १०५० टीआय आहे त्यांनी मित्राकडे जाऊन बघावं. आकडे कागदावर घेऊन या, पुढच्या महिन्यात इथेच बसू आणि त्यांची तुलना करू. आता प्रश्न घेतो. हं, तिकडे खांबाजवळ कोणीतरी हात वर केलाय, आधी तुम्ही विचारा.